लेखकाने अनुदानाचा अर्ज कसा करावा: आधी खर्च, मग मनोगत

‘लहानपणापासूनच मला वाचनाची आवड होती’ या वाक्याने सुरू होणारा अर्ज मीही एकदा केला होता. नामंजूर झाला, आणि योग्यच झालं. अर्ज वाचणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो आणि त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकालाच लहानपणापासून वाचनाची आवड असते. त्याला हवं असतं ते वेगळंच: ही बाई नेमकं काय करणार आहे, किती दिवसांत, आणि आपले पैसे कशावर जाणार आहेत.

आजवर मी पाच अर्ज केले. तीन नकार, एकाचं उत्तरच आलं नाही, एक मंजूर. एवढ्या भांडवलावर कुणाला शिकवायला जाऊ नये हे खरं, पण पुण्यात सल्ला द्यायला याहून कमी भांडवल चालतं. माझा सल्ला एवढाच की अर्ज उलट्या बाजूने लिहायला घ्या. खर्चाचा तक्ता आधी, मग वेळापत्रक, मग प्रकल्पाचं वर्णन आणि मनोगत अगदी शेवटी. खर्च मांडायला बसलं की ‘किती माणसांना भेटणार?’, ‘कुठे जाणार?’, ‘किती पानं होणार?’ याची उत्तरं द्यावीच लागतात. ती येत नसतील तर आपल्या डोक्यात अजून पुस्तक नाही, पुस्तकाचा नुसता वास आहे.

आधी घोळ मिटवा: पुरस्कार, मानधन, अनुदान

आपल्याकडे हे तिन्ही शब्द एकाच श्वासात घेतले जातात. पुरस्कार छापून झालेल्या पुस्तकाला मिळतो. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार किंवा टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेचे पुरस्कार हे त्यातले. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं, त्याचा संबंध वयाशी आणि परिस्थितीशी. अनुदान किंवा फेलोशिप मिळते ती अजून न झालेल्या कामासाठी. त्यातही दोन जाती: पुस्तक छापायला मिळणारे पैसे आणि पुस्तक लिहायला मिळणारे पैसे. हस्तलिखित तयार असेल तर पहिली जात शोधा, विषय डोक्यात असेल तर दुसरी. कवितांची वही घेऊन संशोधनाच्या फेलोशिपला अर्ज करणारे लोक मी पाहिलेत. त्यातली एक मी.

दारं कोणती

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना सगळ्यात जवळची. हे मंडळ १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं. योजना पहिल्या पुस्तकापुरतीच आहे. हस्तलिखितं ठरावीक मुदतीत मागवली जातात आणि तज्ज्ञ ती वाचून निवड करतात. हा पैसा छपाईचा आहे, म्हणजे हस्तलिखित पूर्ण हवं. ‘उरलेल्या आठ कथा पावसाळ्यात लिहीन’ हे इथे चालत नाही. कोणत्या साहित्यप्रकाराला किती पानं, ते त्या वर्षीच्या पत्रकात बघा आणि पानं मोजूनच पाठवा.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर आणि सीनियर फेलोशिप दिल्लीच्या सीसीआरटी या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत चालते. २५ ते ४० वयाच्या लोकांना ज्युनियर, दरमहा १०,००० रुपये; चाळिशीच्या पुढच्यांना सीनियर, दरमहा २०,०००. मुदत दोन वर्षं, आणि पैसे दर महिन्याला खात्यात पडत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने येतात. घरभाडं त्यावर अवलंबून असेल तर हे आधीच लक्षात घ्या. साहित्य हे क्षेत्र त्यात आहे, पण योजनेचा रोख अभ्यासावर आहे. ‘कादंबरी लिहिणार’ यापेक्षा ‘अमुक बोलीतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांचा अभ्यास करणार’ हे तिथे अधिक समजतं.

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था कलाविषयक संशोधनाला पैसे देते, आणि प्रस्ताव भारतीय भाषांतही घेते. म्हणजे मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिल्याने आपण हुशार वाटू हा समज काढून टाका. आपण फक्त घाबरलेले वाटतो. न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवादासाठीची फेलोशिप मराठीतलं वैचारिक, ऐतिहासिक लेखन इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी आहे, सहा लाख रुपयांची. अनुवादकांनी तिच्यावर डोळा ठेवावा, कारण अनुवादाला एवढे पैसे मोजणारं दुसरं दार मला तरी सापडलेलं नाही.

तिशीच्या आतल्यांसाठी नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी पीएम-युवा योजना २०२१ साली सुरू झाली. निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि सोबत मार्गदर्शक. पण विषय योजनेनेच दिलेला असतो. तुमचा विषय त्यात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका, दहा हजार शब्दांच्या नमुन्यात ते उघडं पडतं. साहित्य अकादमी लेखकांना दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी प्रवासवृत्ती देते. रक्कम लहान, पण पहिल्या अर्जाचा सराव म्हणून छान.

वयाच्या अटी, रकमा, मुदती जाहिरातीगणिक बदलू शकतात. चालू जाहिरात स्वतः वाचा, शक्यतो छापून आणि पेन हातात घेऊन. ‘माझ्या मित्राला मिळालं तेव्हा असं नव्हतं’ हे वाक्य कुठल्याही कचेरीत चालत नाही. नोकरी सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातली असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं का ते पहिल्याच दिवशी बघा. त्या एका सहीला तुमच्या सगळ्या अर्जापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

खर्चाचा तक्ता

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लेखक इथेच घाई करतात.

मंजूर झालेला माझा अर्ज पानशेतच्या पुराविषयी होता. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं हे धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले आणि माणसं सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेली. धरण का फुटलं यावर आयोग बसले, अहवाल झाले. मला तिकडे जायचं नव्हतं. मला बायकांशी बोलायचं होतं. मर्यादा तीन लाखांची होती आणि मुदत दहा महिन्यांची. तक्ता असा होता:

स्वतःचं मानधन, १० महिने, दरमहा १५,०००: १,५०,००० रुपये
मुलाखती उतरवून घेणं, २४ मुलाखती, दीड-दीड तास, तासाला १,०००: ३६,०००
मुलाखत देणाऱ्यांना मानधन, २४ जणी, प्रत्येकी १,०००: २४,०००
संपादन आणि मुद्रितशोधन: २०,०००
रेकॉर्डर, मेमरी कार्ड, दोन हार्ड डिस्क: १८,०००
शहरातला प्रवास, प्रत्येकीकडे दोन फेऱ्या, ४८ फेऱ्या, फेरीला २५०: १२,०००
ग्रंथालयं, झेरॉक्स, स्कॅनिंग: १२,०००
नकाशे काढून घेणं: १०,०००
सीएची फी: ५,०००
किरकोळ: १३,०००
एकूण: ३,००,००० रुपये

पहिली ओळ बघा. आधीच्या अर्जात ती नव्हतीच. मी मोठ्या मनाने लिहिलं होतं, ‘लेखिकेचे मानधन: निरंक’. वाटलं होतं, त्यागाची नोंद होईल. उलट शंका आली की ही बाई दहा महिने खाणार काय, आणि दुसरं काम मिळालं की हे टाकून जाणार नाही कशावरून. नियमात मानधन बसत असेल तर मागा, आणि लाजून कमी मागू नका. नियमातच बसत नसेल तर मग तुमचं घर दहा महिने कसं चालणार आहे याची एक ओळ वर्णनात घाला.

दुसरी ओळ अनुभवाने आली. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात. सत्तरीपुढच्या बाई बोलत असतील, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतील आणि सूनबाई मधून मधून तारखा दुरुस्त करत असतील तर आठ. हे काम ‘मीच रात्री बसून करीन’ म्हणू नका. मी म्हटलं होतं. चौथ्या मुलाखतीनंतर मान धरली.

प्रत्येक आकड्याच्या मागे गुणाकार दिसला पाहिजे. ‘प्रवास: १२,०००’ ही मागणी झाली; ‘४८ फेऱ्या गुणिले २५०’ हा हिशेब झाला. गोल आकडे एकामागोमाग आले की वाचणाऱ्याला कळतं की हे अंदाजपंचे आहे. आणि ‘किरकोळ’ हा रकाना पाच टक्क्यांच्या आत ठेवा. माझ्या पहिल्या अर्जात ‘इतर खर्च’ साठ हजार होता. इतर म्हणजे काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

तक्ता झाला की गंमत होते. आकड्यांवरून प्रकल्प दिसायला लागतो. मला आधी चाळीस मुलाखती करायच्या होत्या. पैसे मांडल्यावर चोवीस झाल्या. चोवीस म्हणजे तीन वसाहतींत आठ-आठ. मग आठ कोणत्या, हा प्रश्न आला. पुस्तकाची प्रकरणं तिथून सुरू झाली.

वर्णन

आता लिहा, आणि शक्यतो एका पानात. माझ्या नामंजूर अर्जातलं पहिलं वाक्य: ‘पानशेतच्या महाप्रलयाने पुण्याच्या सामाजिक व सांस्कृतिक जीवनावर दूरगामी परिणाम केले असून त्यांचा सर्वंकष वेध घेण्याचा मानस आहे.’ यातला ‘सर्वंकष’ हा शब्द दिसला की समजावं, लेखकाने काहीच ठरवलेलं नाही.

मंजूर अर्जात तेच असं होतं: ‘वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ होता. वसाहतीत प्रत्येकीला आपला नळ मिळाला. पाणी भरायला एकत्र उभं राहणं थांबलं तेव्हा बायकांचं काय गेलं आणि काय सुटलं, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. पूर आला तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. हे काम पुढे ढकलता येणार नाही.’

दुसऱ्यात काय आहे ते बघा. एक नळ आहे, एक प्रश्न आहे आणि ‘आत्ताच का’ याचं उत्तर आहे. हे तिसरं फार महत्त्वाचं. परीक्षक ते शब्दांत विचारो न विचारो, मनात विचारतोच. ‘हा विषय दुर्लक्षित आहे’ हे उत्तर होत नाही, बहुतेक विषय दुर्लक्षितच असतात.

वर्णनात एक परिच्छेद झालेल्या कामाचा ठेवा. अर्जाआधीच दोन मुलाखती करून टाका, एकदा ग्रंथालयात जाऊन त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली वाचण्याच्या अवस्थेत आहेत का ते बघून या. पुण्यात राहण्याचा हा फायदा सोडू नका. भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुराभिलेखागार, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय हे सगळं एका बसच्या अंतरावर आहे. कोणत्या संस्थेत काय बघितलं हे नेमकं लिहा. ‘विविध ग्रंथालयांचा आधार घेतला जाईल’ यावर कुणीही विश्वास ठेवत नाही.

वेळापत्रकाबद्दल एवढंच की ते पंचांग समोर ठेवून करा. श्रावणात आणि गणपतीत घरची बाई मुलाखतीला मोकळी नसते. भर उन्हाळ्यात आजींना दुपारी बोलतं करणं हा अत्याचार आहे. आणि तुम्ही दिवाळी अंकांत लिहीत असाल तर जून ते ऑगस्ट तुमचे नाहीत, हे स्वतःशी तरी कबूल करा. शेवटचे दोन महिने लिहिण्यासाठी रिकामे सोडा, त्यात एकही मुलाखत घालू नका.

नमुना मजकूर, आणि फॉन्टचं दुखणं

नमुना म्हणून पुस्तकाची प्रस्तावना पाठवू नका. प्रस्तावनेत आपण सगळेच बरं लिहितो. मधलं पान द्या, जिथे माणसं बोलतायत, काही घडतंय. दहा पानं मागितली तर दहाच द्या. अकरावं पान कितीही सुंदर असलं तरी ते अटीचा भंगच असतं.

आता फॉन्ट. मराठी लेखकाचे जितके अर्ज विषयामुळे पडले असतील तितकेच फॉन्टमुळे पडले असावेत असा मला दाट संशय आहे. आपला जुना मजकूर श्रीलिपीत किंवा तसल्याच एखाद्या फॉन्टमध्ये असतो. आपल्या संगणकावर तो मराठी दिसतो, दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. माझा एक अर्ज असाच गेला. एका कार्यालयातून फोन आला, ‘तुमची फाईल उघडतेय, पण वाचता येत नाही.’ तोवर मुदत संपली होती.

म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा लिपीसंकेतात. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे डीटीपीवालेही करून देतात. पण ‘मॅडम, झालं, चेक करायची गरज नाही’ या वाक्यावर उठू नका. रूपांतरात रफार उडतात, जोडाक्षरं सुटतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ असे शब्द मुद्दाम शोधून बघा, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हमखास मोडतात. अवतरणचिन्हं आणि डॅशही बघा. मग पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या संगणकावर न उघडता दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. तिथे नीट दिसली तर कुठेही दिसेल.

शिफारसपत्र मागितलं असेल तर नावापेक्षा ओळख बघा. मोठ्या साहित्यिकाने लिहिलेल्या ‘होतकरू लेखिका आहे, शुभेच्छा’ या दोन ओळींपेक्षा, तुमचं काम पाहिलेल्या ग्रंथपालाचं किंवा संपादकाचं अर्धं पान जड भरतं. पत्र लिहिणाऱ्याला प्रकल्पाचं वर्णन आणि अंतिम तारीख द्या. तारीख चार दिवस अलीकडची सांगा.

पाठवण्याआधी

पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, वयाचा पुरावा यांवर नाव एकसारखं आहे का बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांना हे दुखणं कायमचं. माझं लेखनातलं नाव एक, बँकेतलं दुसरं. मी अर्जातच एक ओळ घालते की दोन्ही व्यक्ती एकच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी संकेतस्थळं बसतात, तेव्हा तीन दिवस आधी पाठवून मोकळं व्हा. पोच घ्या. टपालाने असेल तर स्पीड पोस्टची पावती, ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट.

आणि अटी वाचा, विशेषतः हक्कांच्या. पुस्तकाचा कॉपीराइट कुणाकडे राहणार हे स्पष्ट हवं. प्रकाशकाशी किंवा संस्थेशी हक्क देण्याचा करार करताना त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत’ असं कुणी लिहून आणलं तर सही करण्याआधी घरी घेऊन या. परदेशी संस्थेचा पैसा थेट खात्यात येणार असेल तर परकीय अंशदानाच्या कायद्याबद्दल सीएशी आधी बोला, पैसे आल्यावर नाही.

मंजुरी आली तर

पेढे वाटा आणि त्याच दिवशी एक जाड फाईल आणा. पुढचा हप्ता मिळतो तो झालेल्या कामाच्या अहवालावर आणि हिशेबावर. रिक्षावाला बिल देत नाही, म्हणून तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, अशी वही ठेवा आणि त्याच रात्री लिहा. बसची आणि एसटीची मशीनमधली तिकिटं काही महिन्यांत कोरी होतात. आल्या आल्या फोटो काढा किंवा झेरॉक्स. शक्य असेल तर या पैशाला वेगळं बचत खातं ठेवा, नाहीतर किराणा आणि प्रकल्प एकमेकांत मिसळतात. मानधनातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता होणारा कर, कापला जाऊ शकतो, तो वर्षअखेरीस विवरणपत्रात बघावा लागतो. तक्त्यातली ती पाच हजारांची सीएची ओळ यासाठीच होती.

मुलाखत घेताना संमतीपत्रावर सही घ्या: रेकॉर्डिंग कशासाठी, नाव छापायचं की नाही, नंतर ते कुठे ठेवणार. मराठीत, मोठ्या अक्षरात, अर्ध्या पानाचं. मुलाखत देणाऱ्या एका काकूंनी पेन हातात घेऊन विचारलं, ‘हे घराच्या कागदांना तर लागणार नाही ना?’ पूरग्रस्त वसाहतीत आयुष्य गेलेल्या बाईने कागदावर सही करण्याआधी हे विचारावं, यात नवल नव्हतं. मग मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवायला लागले, प्रत्येकीला. त्यात दहा मिनिटं जातात, तीही वेळापत्रकात धरा.

ठरवलेलं बदललं तर लपवू नका. माझ्या चोवीसपैकी तीन मुलाखती झाल्या नाहीत. एक बाई गेल्या, दोघींनी नाही म्हटलं. मी पत्र लिहून कळवलं आणि उरलेले पैसे नकाशांकडे वळवायची परवानगी मागितली. आठ दिवसांत होकार आला. न विचारता वळवले असते तर लेखापरीक्षणात तीच रक्कम परत भरावी लागली असती. शेवटच्या हिशेबात १,८६० रुपये शिल्लक निघाले. ते परत पाठवल्याची पावती फाईलच्या सगळ्यात वर लावली आहे, पुढच्या अर्जाला पूर्वीच्या अनुदानाचा दाखला म्हणून तीच जोडणार आहे.